इतिहासाच्या मोजपट्टीबाहेर : आगाते बाकर ग्रोंदाल (१८४७–१९०७)

१८९८ च्या उन्हाळ्यात नॉर्वेमधील बर्गेन या बंदराच्या शहरात एडवर्ड ग्रीगच्या पुढाकाराने नॉर्वेजियन संगीताचा एक महोत्सव भरला. त्या महोत्सवाच्या निमित्ताने घेतलेले एक समूह-छायाचित्र पुढे फार प्रसिद्ध झाले. त्यात स्वतः ग्रीग आहे. योहान स्वेन्सन, क्रिस्तियान सिंडिंग, योहान हाल्वोर्सन आहेत. त्या देशाच्या संगीतेतिहासात ज्यांची नावे आवर्जून घेतली जातात, अशी अनेक मंडळी त्या एका चौकटीत एकत्र आली आहेत. त्यांच्यामध्ये स्त्री मात्र एकच आहे. ती कोणाची पत्नी किंवा यजमानीण म्हणून तेथे आलेली नाही. रचनाकारांच्या मेळाव्यात रचनाकार म्हणूनच ती उपस्थित आहे. तिचे नाव आगाते बाकर ग्रोंदाल.

हयातीत जिला इतके निर्विवाद स्थान होते, ती व्यक्ती मृत्यूनंतर इतिहासाच्या पानांवरून तळटीपेत कशी जाते, हा प्रश्न केवळ संगीताच्या अभ्यासकांचा नाही. वर्गात वाङ्मयेतिहास शिकवताना आम्ही 'प्रमुख' आणि 'गौण' हे शब्द दररोज वापरतो. ते कोणत्या मापाने ठरले याचा विचार क्वचितच करतो. आगातेच्या आयुष्याची हकीकत त्या मापाविषयी पुष्कळ काही सांगून जाते, म्हणून ती येथे थोडी विस्ताराने मांडावी असे आम्हांस वाटते.

आगातेचा जन्म १ डिसेंबर १८४७ रोजी होल्मेस्ट्रांड या लहानशा किनारी गावात झाला. बाकर हे सुखवस्तू घराणे होते. चार बहिणींत आगाते दुसरी. तिच्याहून मोठी हॅरिएट पुढे नॉर्वेची एक श्रेष्ठ चित्रकार म्हणून मान्यता पावली. १८५७ मध्ये हे कुटुंब राजधानीत, म्हणजे तेव्हाच्या क्रिस्तियानियात (आजच्या ओस्लोत) राहावयास आले. नॉर्वे त्या काळी स्वीडनच्या राजाच्या छत्राखाली होता. १८१४ पासून चालत आलेला हा संयोग १९०५ मध्ये संपला. राजकीय स्वातंत्र्य अपुरे असलेला हा देश एकोणिसाव्या शतकात आपली ओळख भाषेत, लोककथांत आणि लोकगीतांत शोधत होता, ही पार्श्वभूमी लक्षात ठेवली पाहिजे. पुढे तिचा संबंध येणार आहे.

क्रिस्तियानियात आगातेला शिक्षक लाभले ते त्या शोधातलेच. लुडविग माथियास लिंडेमान हा ऑर्गनवादक डोंगरदऱ्यांतून लोकधुना गोळा करीत असे. हाल्फदान शेरुल्फ हा नॉर्वेजियन कवितेला पियानोच्या साथीचे नवे गीतरूप देणारा रचनाकार होता. शेरुल्फने मोठे वाद्यवृंद रचले नाहीत. गीते रचली, पियानोसाठी लहान तुकडे लिहिले आणि उपजीविकेसाठी शिकवण्या केल्या. लहान रूपात पूर्ण काही सांगता येते, हा संस्कार आगातेवर बालपणीच त्याच्याकडून झाला असावा, असे तिच्या पुढील रचना पाहता म्हणावेसे वाटते.

पुढचे शिक्षण देशात होण्यासारखे नव्हते. १८६५ मध्ये, अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ती बर्लिनला थिओडोर कुलाकच्या अकादमीत दाखल झाली. पियानो कुलाककडे आणि रचनाशास्त्र रिचर्ड व्युएर्स्टकडे, असा दुहेरी अभ्यास दोन वर्षे चालला. सोबतीला हॅरिएट होती. बहिणीच्या निमित्ताने परदेशी आलेल्या हॅरिएटने तेथे आपले चित्रकलेचे शिक्षण चालू ठेवले. एकीच्या शिक्षणाने दुसरीच्या शिक्षणाची वाट मोकळी केली, हा या दोन बहिणींच्या चरित्रातला आम्हांस मोठा हृद्य भाग वाटतो.

१८६८ मध्ये क्रिस्तियानियात आगातेचे पहिले मोठे जाहीर वादन झाले. वाद्यवृंदाचे संचालन करीत होता पंचविशीच्या आसपासचा ग्रीग, आणि रचना होती बेटहोवेनचा पाचवा पियानो कॉन्चेर्टो. या रचनेची निवड पुढच्या घटना माहीत असणाऱ्याला अस्वस्थ करते. बेटहोवेनच्या पाच पियानो कॉन्चेर्टोंपैकी हा एकच असा, की जो त्याला स्वतः श्रोत्यांसमोर प्रथम सादर करता आला नाही, कारण तोवर त्याचे बहिरेपण बळावले होते. वीस वर्षांच्या या मुलीच्या वाट्यालाही तेच दुखणे येणार होते.

पुढे ओले बुल या विख्यात व्हायोलिनवादकाच्या शिफारशीने ती १८७१ मध्ये फ्लॉरेन्सला हान्स फॉन ब्यूलोकडे शिकावयास गेली. (याच ओले बुलने १८५८ मध्ये कोवळ्या ग्रीगला लाइप्झिगला पाठवण्याचा आग्रह त्याच्या आईवडिलांना केला होता.) १८७३ मध्ये वायमारला फ्रान्झ लिस्टच्या सहवासात तिने काही काळ घालवला. कुलाक, ब्यूलो आणि लिस्ट या तीन नावांत त्या शतकाची पियानोची जवळजवळ सगळी विद्या येते. लाइप्झिगच्या गेवांटहाउससारख्या मातब्बर सभागृहातही तिचे वादन झाले होते. पंचविशीत ती युरोपच्या कोणत्याही मंचावर उभी राहू शकेल अशी कलावंत होती.

येथे एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. विद्यार्थिदशेतील आणि त्यानंतरच्या लगतच्या वर्षांतील तिच्या दोन रचना वाद्यवृंदासाठी आहेत : पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी एक आन्दान्ते, आणि वाद्यवृंदासाठी एक स्केर्त्सो. त्यानंतर वाद्यवृंद तिच्या लेखणीतून जणू नाहीसा झाला. सुमारे ७० ओपस क्रमांकांखाली सुमारे ४०० रचना तिने केल्या; त्या बहुतांश गीते आहेत किंवा एकट्या पियानोचे तुकडे. ज्या हाताला मोठा आकार अपरिचित नव्हता, त्या हाताने तो आकार का सोडला असेल?

१८७५ मध्ये तिचा विवाह ओलाउस आंद्रेआस ग्रोंदाल या गायनशिक्षकाशी झाला. तो समूहगायनाचा नामांकित संचालक होता. विवाहानंतर तिने संगीत सोडले नाही, आणि घर संगीताचेच होते. पण ज्या काळात हे घडत होते त्याचे कायदे पाहिले पाहिजेत. नॉर्वेमध्ये विवाहित स्त्रीला कायद्याने सज्ञान मानले गेले ते १८८८ मध्ये. तोवर ती कायद्याच्या दृष्टीने नवऱ्याच्या पालकत्वाखाली होती. संसार, मुले, शिकवण्या आणि मैफली या साऱ्यांतून उरणारा वेळ तुटक असतो, आणि सिम्फनीला लागतो सलग काळ. तिला लागतो वाद्यवृंद, तो मिळवून देणारी ओळखपाळख, आणि पहिला प्रयोग फसला तर दुसरा करू देणारा विश्वास. गीताला मात्र एक गळा, एक पियानो आणि एक खोली पुरते. त्या काळच्या बाजारातही गीतांना आणि घरी वाजवण्याजोग्या पियानोरचनांना मागणी होती. तेव्हा लहान रूप हे तिच्या कुवतीचे माप नसून तिच्या परिस्थितीचे माप होते, असे एक उत्तर संभवते.

ते उत्तर खरे आहे, पण पुरे नाही. कारण त्यात लहान रूप ही केवळ तडजोड ठरते, आणि तिच्या रचना तशा वाटत नाहीत. ओपस ११ च्या सहा एट्यूड घ्या. एट्यूड म्हणजे मुळात बोटांच्या तयारीसाठी बांधलेला पाठ. शोपँनंतर तो पाठ मैफलीचा झाला. आगातेच्या एट्यूडमध्येही एकेक तांत्रिक अडचण घेऊन तिच्यातूनच भाव उभा केला जातो. अडचण आणि आशय वेगळे काढता येत नाहीत. त्या वाजवायला सोप्या नाहीत. लिस्टच्या शिष्येने स्वतःच्या हातासाठी लिहिलेल्या त्या रचना आहेत. गीतांमध्ये साथीचा पियानो गळ्याच्या मागे मागे चालत नाही. कवितेने न उच्चारलेले तो बोलतो. 'बालकाचा वसंतदिन' ही तिची गीतमाला एका दिवसाचे लहान लहान प्रसंग एका सूत्रात ओवते, तर 'निळ्या पर्वतात' ही पियानोची मालिका लोककथांच्या अद्भुत जगात शिरते. लोकगीतांची आणि लोकनृत्यांची तिने पियानोसाठी केलेली रूपांतरे लिंडेमानच्या शिष्येला शोभणारी आहेत. भावकविता ही महाकाव्य न साधलेल्या कवीची पळवाट आहे असे आज कोणी म्हणणार नाही. संगीताच्या इतिहासात मात्र हा न्याय फार उशिरा पोहोचला.

आता १८८९ च्या लंडनकडे वळू. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी आगातेच्या तेथे मैफली झाल्या आणि तिची कीर्ती नॉर्वेबाहेर सर्वदूर पसरली. तिचा सर्वांत मोठा चाहता ठरला 'द स्टार' या सांजपत्रात 'कॉर्नो दी बासेतो' या टोपणनावाने संगीतसमीक्षा लिहिणारा एक तिशीतला आयरिश पत्रकार. हा म्हणजे जॉर्ज बर्नार्ड शॉ. 'ती फुलराणी'मुळे मराठी वाचकाला शॉ परिचित आहे तो नाटककार म्हणून. पण १८८९ मध्ये त्याचे एकही नाटक रंगमंचावर आलेले नव्हते. कोणाचीही भीडमुर्वत न बाळगणाऱ्या या टीकाकाराने आगातेला शतकातील श्रेष्ठ पियानोवादकांत बसवले आणि तिची मुलाखतही प्रसिद्ध केली.

त्याच उन्हाळ्यात, ७ जून १८८९ रोजी, लंडनच्या नॉव्हेल्टी थिएटरात इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'चा प्रयोग झाला. अनंत काणेकरांच्या 'घरकुल'मधून ज्याची ओळख आपल्याला झाली ते हेच नाटक. १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नाटकातली नोरा नवऱ्याच्या परवानगीवाचून कर्ज काढू शकत नव्हती, म्हणून तिने खोटी सही केली, आणि शेवटी दार लोटून ती घराबाहेर पडली. लंडनच्या चर्चाविश्वात नोरा गाजत असतानाच एक खरी नॉर्वेजियन पत्नी आणि माता त्या शहरात पियानो वाजवून गेली आणि घरी परतली. शॉने दोघींनाही पाहिले. दोन वर्षांनी त्याने इब्सेनच्या विचारावर पुस्तकच लिहिले.

आमच्या मनात या दोन स्त्रियांची तुलना वारंवार येते. नोराला इतिहासात जागा मिळाली, कारण तिच्या कृतीला नाट्य होते : एक क्षण, एक दार, एक आवाज. आगातेच्या आयुष्यात असा क्षण नाही. तिने घर सोडले नाही आणि कलाही सोडली नाही. दोन्ही सांभाळण्याची किंमत ती वर्षानुवर्षे चुकवत राहिली. १८९० च्या दशकात तिला मज्जाविकाराचा त्रास झाला, पुढे श्रवणशक्ती क्षीण होऊ लागली. बंडाच्या कथेला ऐकणारे मिळतात, चिकाटीच्या कथेला कथानक नसते. स्त्रियांचा इतिहास लिहिताना आपणही नकळत नोराच शोधत असतो आणि आगाते नजरेतून सुटतात, हे अभ्यासकांनी स्वतःला बजावण्यासारखे आहे.

हॅरिएटचे उदाहरण येथे उपयोगी पडते. ती अविवाहित राहिली. म्युनिक आणि पॅरिसमध्ये चौदा-एक वर्षे तिने शिक्षणात व कामात घालवली, क्रिस्तियानियात परतल्यावर स्वतःची चित्रशाळा चालवली, आणि सत्त्याऐंशी वर्षांचे आयुष्य जगून १९३२ मध्ये ती निवर्तली. तिचे 'निळे अंतर्गृह' (१८८३) आज ओस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. खोलीत शिरणारा प्रकाश हा तिचा विषय, आणि पियानो वाजवणारी स्त्री तिच्या चित्रांतून पुन्हा पुन्हा दिसते. पण लग्न झाले आणि झाले नाही एवढ्याने दोघींच्या कीर्तीतला फरक स्पष्ट होत नाही. चित्र भिंतीवर टिकते. वादन वाजून होताच संपते. आगातेच्या काळातील श्रोत्यांनी तिला प्रथम ओळखले ते वादक म्हणून, आणि ध्वनिमुद्रणाचे तंत्र बाल्यावस्थेत असतानाच ती मंचावरून उतरली. शॉने ज्याची स्तुती केली ते आपल्यापर्यंत केवळ स्तुतीच्या रूपात आले आहे.

मंचावरून उतरण्याचे कारण बहिरेपण. १९०१ मध्ये स्वीडन आणि फिनलंड येथे तिच्या अखेरच्या मोठ्या मैफली झाल्या. त्यानंतर तिने जाहीर वादन थांबवले. शिकवणे मात्र अखेरपर्यंत चालू ठेवले. ज्याला स्वर नीट ऐकू येत नाही असा माणूस संगीत शिकवतो हे वरकरणी विसंगत वाटेल. पण दीर्घकाळ शिकवलेल्या कोणत्याही शिक्षकाला त्यात अशक्य असे काही वाटणार नाही. विद्या कानांत असते तशी हातांत असते, बसण्याच्या ढबीत असते, वाक्य कोठे तोडायचे या जाणिवेत असते. शेरुल्फ, कुलाक, ब्यूलो, लिस्ट यांच्याकडून आलेले धन तिने शिष्यांच्या हाती दिले. त्यांपैकी एक तिचाच मुलगा फ्रित्योफ (१८८५–१९५९). तो पियानोवादक झाला आणि आईच्या रचना त्याने युरोपभर वाजवल्या. शिक्षकाचे काम असे दुसऱ्याच्या बोटांतून पुढे जाते, आणि म्हणूनच त्याच्यावर स्वतःचे नाव राहत नाही. चरित्रकोशात 'पियानोवादक, शिक्षिका आणि रचनाकार' असे लिहिले जाते तेव्हा मधल्या शब्दावर वाचकाची नजर थांबत नाही. त्या शब्दात तिच्या आयुष्याची कितीतरी वर्षे आहेत.

४ जून १९०७ रोजी आगाते निवर्तली. बरोबर तीन महिन्यांनी, ४ सप्टेंबरला, ग्रीग गेला. दोघांची मैत्री दीर्घ होती. त्याचा पियानो कॉन्चेर्टो तिने अनेकदा वाजवला होता. मात्र ग्रीगचे नाव येथे आणताच आमच्या आधीच्या तर्काला एक अडचण येते, आणि ती टाळून जाणे योग्य होणार नाही. ग्रीगही मुख्यतः लहान रूपांचाच रचनाकार आहे. पियानोवरील त्याचे ६६ 'लिरिक' तुकडे आणि त्याची गीते हाच त्याच्या कामाचा गाभा. त्याची एकमेव सिम्फनी त्याने स्वतःच मागे घेतली होती. मग लहान रूपाने ग्रीगचे काही बिघडवले नाही, आणि आगातेचे का बिघडवले?

उत्तर एका शब्दात सापडणार नाही. ग्रीगपाशी तो कॉन्चेर्टो होता, 'पेअर गिंट'चे रंगसंगीत होते. मोठ्या सभागृहांत त्याचे नाव त्यांनी जिवंत ठेवले. लाइप्झिगच्या पीटर्ससारखा प्रकाशक होता. १८७४ पासून त्याला नॉर्वेच्या सरकारचे वार्षिक मानधन मिळत होते. आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे, स्वतःची ओळख शोधणाऱ्या राष्ट्राला तो आपला 'आवाज' वाटला. आगातेची बरीच रचना शूमान, मेंडेल्सोन आणि शेरुल्फ यांच्या परंपरेत सहज बसते. तिच्या लोकधुनांवरच्या कामातही राष्ट्रीयतेचा पुकारा नाही. तिचा विषय बहुधा एका माणसाचे अंतर्मन हाच आहे. राष्ट्राचा इतिहास लिहिणाऱ्यांना अशा कलावंताचे काय करावे हे समजत नाही. ते तिला 'हळुवार', 'घरगुती' अशी विशेषणे देतात आणि पुढे जातात. ग्रीगच्या 'लिरिक' तुकड्यांतील हळुवारपणात मात्र त्यांना फियोर्ड आणि पर्वत दिसतात. आकार तोच असूनही वाचन बदलते, कारण वाचणाऱ्याने आधीच ठरवलेले असते की एकाकडे देश शोधायचा आणि दुसरीकडे दिवाणखाना.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हे चित्र पालटू लागले. स्त्री-रचनाकारांचा पद्धतशीर शोध सुरू झाला, आणि सेसिलिए दाम यांनी लिहिलेले आगातेचे चरित्र १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या पियानोरचना व गीते आज ध्वनिमुद्रित स्वरूपात ऐकता येतात. पण पुनःशोधाचाही एक धोका असतो. 'उपेक्षित' हे नवे लेबल लावून आपण तिला पुन्हा एका वेगळ्या कप्प्यात ठेवतो. तिला करुणेची गरज नाही. हयातीत ती उपेक्षित नव्हतीच. उपेक्षा झाली ती नंतर, इतिहास लिहिणाऱ्यांच्या मेजावर. म्हणून दुरुस्तीही तेथेच व्हावयास हवी.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सुचवू इच्छितो : एखादा लेखक 'गौण' आहे असे वाचाल तेव्हा त्याच्या लेखनाबरोबर तो शब्द लिहिणाऱ्याची मोजपट्टीही तपासा. ती लांबी मोजते की खोली? तिच्यात शिकवण्याच्या वर्षांना काही अंश आहेत का? राष्ट्राच्या नावाने न बोलणाऱ्या आवाजासाठी तिच्यावर एखादी तरी खूण आहे का? आणि हे तपासून झाल्यावर, शक्य झाल्यास, ओपस ११ मधली एखादी एट्यूड ऐका. काही मिनिटांचे ते संगीत आहे. ते लहान आहे की मोठे, हे मग ज्याचे त्याने ठरवावे.